साखळीतलं ताट आणि कोल्हापूरची जीभ

रविवारी संध्याकाळी ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीत चक्कर मारली, की नवं हॉटेल कुठे उघडलंय ते विचारावं लागत नाही. दारातल्या दुचाक्यांच्या गर्दीवरूनच ते कळतं. हॉटेल एखाद्या मोठ्या साखळीचं असेल, म्हणजे मुंबई, पुणे, बंगळूरला ज्याच्या शाखा आधीपासून आहेत असं असेल, तर पहिले काही आठवडे दाराशी नाव नोंदवून थांबावंच लागतं. आत आजोबांपासून नातवापर्यंत अख्खं घर आलेलं असतं. नातवानं मेन्यू मोबाइलवर आधीच बघितलेला असतो. आजोबा चष्मा लावून उजवीकडचा किमतींचा रकाना वाचतात. जेवण आटोपून सगळे बाहेर आले, की गाडीला किल्ली लावता लावता शेरा पडतो, "चांगलं आहे, पण झणका नाही."

हा शेरा खरा आहे, आणि त्यामागे दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांची रीत आहे. एका रीतीत चव आचाऱ्याच्या हातात असते. दुसरीत ती कागदावर लिहिलेली असते आणि शेकडो किलोमीटर प्रवास करून टेबलावर येते. डोमिनोज, मॅकडोनल्ड्ससारख्या पाट्या आता कोल्हापूरकरांना नव्या राहिलेल्या नाहीत. आरामात बसून जेवायच्या, पण पंचतारांकित थाट नसलेल्या साखळ्याही मध्यम शहरांकडे वळल्या आहेत. त्यांच्याकडून या गावाला काय मिळतं, काय मिळू शकत नाही आणि त्यांच्यातलं काय उचलण्यासारखं आहे, हे पारखून बघायला हवं.

चव आधी कागदावर

साखळी हॉटेलचा सगळा डोलारा एका वचनावर उभा असतो : इथे जे मिळेल तेच, तसंच, तेवढंच दुसऱ्या गावातही मिळेल. या पद्धतीचा पाया १९४८ साली अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो गावात घातला गेला. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांनी आपलं चालतं दुकान काही काळ बंद ठेवलं, मेन्यू छाटून मोजक्या पदार्थांवर आणला आणि स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली. एकानं फक्त भाजायचं, दुसऱ्यानं फक्त तळायचं, तिसऱ्यानं बांधून द्यायचं. १९५५ मध्ये रे क्रॉक यानं हीच पद्धत घेऊन इलिनॉय राज्यात डेस प्लेन्स इथे दुकान काढलं आणि पुढे ती जगभर नेली.

भारतात या परदेशी पाट्या एकापाठोपाठ आल्या. केएफसी १९९५ मध्ये बंगळूरला, डोमिनोज जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीला, पिझ्झा हट त्याच वर्षी बंगळूरला, आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स आधी दिल्लीत वसंत विहारला आणि लगेच मुंबईत वांद्र्याला. पण शाखांचं हॉटेल ही कल्पना आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला सुरू झालेलं इंडिया कॉफी हाउस पुढे देशभर पसरलं. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डानं ती दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. १९६३ मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ उभा करणाऱ्या जिल्ह्याला या इतिहासाचं मोल वेगळं सांगायला नको.

साखळीचं खरं काम मात्र ग्राहकाला कधीच दिसत नाही. मॅकडोनल्ड्सनं पहिलं दुकान उघडण्याच्या आधी काही वर्षं फक्त पुरवठ्याची व्यवस्था उभी करण्यात घालवली, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रातच उभा राहिला. बर्गरमधलं आइसबर्ग लेट्यूस आपल्याकडे फारसं कुणी पिकवत नव्हतं. ते तळेगावजवळ त्रिकाया ॲग्रिकल्चरनं पिकवायला घेतलं. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून येऊ लागलं. आलू टिक्की आणि चिकनच्या पॅटिस नवी मुंबईत तळोज्याला व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. तिथून पुढचा प्रवास उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेल्या गाड्यांमधून. आपल्या दारात तयार होणारा बर्गर खरं म्हणजे असा निम्मा महाराष्ट्र फिरून आलेला असतो.

म्हणूनच अशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात आचारी कमी आणि घड्याळं जास्त दिसतात. किती तापमानाच्या तेलात किती मिनिटं, सॉस किती ग्रॅम, तयार झालेला पदार्थ किती वेळानं टाकून द्यायचा, हे सगळं ठरलेलं असतं. घरी कधी गॅस न पेटवलेला कॉलेजचा मुलगा थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात तिथे काम करू लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात शिकणाऱ्या पोरांसाठी अर्धवेळ कामाची, वेळेवर पगार देणारी ही वाट लहानसहान नाही. मात्र मीठ चाखून बघायचा आणि चिमूटभर वाढवायचा अधिकार तिथे कुणालाच नसतो. चव दुसऱ्या शहरात ठरलेली असते, आणि ती देशातल्या बहुसंख्य जिभांना चालेल इतपतच तिखट ठेवलेली असते. कोल्हापूरला झणका कमी वाटतो तो त्यामुळे.

बसायला जागा, सगळ्यांना

चवीत साखळी कमी पडली, तरी एका बाबतीत तिला पुरे गुण द्यावे लागतात. तिथे कुणीही जाऊन बसू शकतं.

बाहेर एकत्र बसून खाणं ही कोल्हापुरात एके काळी झगडून मिळवावी लागलेली गोष्ट होती. शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातलं पाणी प्याले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली आणि कांबळ्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायला लावू लागले. कुणाच्या हातचं, कुणाच्या शेजारी बसून खायचं हा प्रश्न या गावानं असा भर रस्त्यात सोडवायला घेतला होता. आज काउंटरवर ऑर्डर घेणारी मुलगी आडनाव विचारत नाही आणि ताट करणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. हे गावाच्या त्या जुन्या वाटेला धरूनच आहे.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. कोल्हापूरची जुनी खानावळ ही मुख्यतः पुरुषांची जागा : तालमीतले पैलवान, बाजाराला आलेले शेतकरी, गाव सोडून शिकायला आलेले विद्यार्थी. पुढे ‘फॅमिली रूम’ आली, म्हणजे पडद्याआडचे चार टेबल. दोन मैत्रिणींनी कॉलेज सुटल्यावर कुठेतरी तासभर बसायचं, तर गावात जागा मोजक्या होत्या. उजेड, स्वच्छ बाथरूम, काचेतून आत-बाहेर दिसणारी मोकळी बसण्याची सोय आणि दारातच कळणारी किंमत यांमुळे साखळी हॉटेलांनी ही अडचण बरीच दूर केली. दोन कॉफी मागवून तासभर पुस्तक उघडून बसलेल्या मुलीला उठवायला तिथे सहसा कुणी येत नाही.

तिसरी गोष्ट घरातल्या वारांची. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. सोमवारी एकाचा उपास, गुरुवारी दुसऱ्याचा. श्रावणात सगळंच बंद. शेजारचं जैन कुटुंब कांदा-लसूणही न खाणारं. अशी दोन-तीन घरं मिळून बाहेर जेवायला निघाली, की जायचं कुठे यावरच अर्धी संध्याकाळ खर्च होते. मॅकडोनल्ड्सनं भारतात येताना गोमांस आणि डुकराचं मांस मेन्यूतून वगळलं. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची भांडी, तेल आणि काम करणारे हात वेगळे ठेवले, शाकाहारी बाजूला हिरवे एप्रन दिले आणि मेयोनीज अंड्याशिवाय बनवून घेतलं. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला इथल्या वारांपुढे आपली मूळ पाककृती बदलावी लागली. कोल्हापुरातल्या कुठल्याही शाखेत एकाच टेबलावर उपासवाली आजी बटाट्याचे काप आणि नातू चिकन खाताना दिसतो, तो या वेगळ्या ठेवलेल्या कढयांमुळे.

बिल उलगडून वाचावं

नव्या हॉटेलात खाण्याचा आनंद घ्यावाच, पण दोन कागद नीट वाचावेत. एक मेन्यू, दुसरा बिल.

मेन्यूवर पदार्थाच्या नावाशेजारी ‘किलोकॅलरी’ असा आकडा छापलेला असतो, तो हौसेचा नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना तो छापावा लागतो. प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, ही सूचनाही सोबत असते. चीज घातलेला पिझ्झा, मोठं शीतपेय आणि वरून आइस्क्रीम यांचे आकडे पोरांना टेबलावर बसूनच बेरजेला लावावेत. निम्मा दिवस त्यात कसा संपतो हे त्यांचं त्यांनाच दिसतं. कोपऱ्यावरच्या मिसळीला हा नियम लागू नाही, म्हणून तिच्या तर्रीत काही नसतं असं मात्र नाही.

बिलाच्या माथ्यावर चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक असायला हवा. त्याचा पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राच्या परवान्याची सुरुवात म्हणून ११५ अशी होते, आणि केंद्रीय परवाना असेल तर १०० अशी.

खाली कर. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक रेस्टॉरंटांना ५ टक्के जीएसटी आहे. तो बिलावर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा अशा दोन ओळींत दिसतो. त्याच्या जोडीला ‘सर्व्हिस चार्ज’ अशी तिसरी ओळ दिसली तर तिथे थांबावं. तो सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप बिलात घालायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. वाढणाऱ्या पोरानं मनापासून सेवा केली असेल तर त्याच्या हातात जरूर काही द्यावं, पण ते स्वखुशीनं. बिलातली ओळ काढायला सांगण्यात संकोचण्यासारखं काही नाही, आणि कुणी ऐकलंच नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणखी एक साधा सल्ला. उघडल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यांत साखळी आपली अनुभवी माणसं दुसऱ्या शहरांतून आणते आणि सवलतीही देते. त्या काळातल्या जेवणावरून शाखेची पारख होत नाही. गर्दी ओसरल्यावर, एखाद्या मंगळवारी दुपारी जावं. टेबल पुसलेलं आहे का, तळणाचा वास ताजा आहे का, बाथरूम कसं आहे, हे तेव्हा खरं कळतं.

पांढरा रस्सा ट्रकमधून येत नाही

आता पुन्हा त्या शेऱ्याकडे. कोल्हापुरी ताट साखळीत का बसत नाही, याचं उत्तर दोन वाट्यांत आहे.

तांबड्या रश्श्याचा जीव चटणीत. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, वर खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण, आणि डंकावर कांडून घ्यायची. ही चटणी बरणीत टिकते आणि पोत्यातून लांबही जाते. मुंबई-पुण्यात आणि परदेशातल्या मराठी घरांत ती पोचलेलीच आहे. म्हणजे तांबडा रस्सा निदान अर्धा तरी प्रवास करू शकतो.

पांढऱ्याचं तसं नाही. मटण शिजवून काढलेली अळणी, तीळ-खसखशीचं वाटण, लवंग-दालचिनी-मिरी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर आच मंद ठेवून पळी फिरवत राहावं लागतं. जोराची उकळी आली की तो फुटतो, दूध वेगळं आणि पाणी वेगळं होतं. सकाळचा रस्सा संध्याकाळी घाईनं तापवला तरी तेच. गोठवून चारशे किलोमीटर आणायचा आणि काउंटरवर गरम करायचा, ही साखळीची पद्धत त्याला मानवत नाही. तो ज्या जागी वाढायचा त्याच जागी, वाढायच्या थोडं आधी, सवयीच्या हातानंच करावा लागतो. गावातल्या कितीतरी खानावळींत हा हात मालकाच्या आईचा किंवा बायकोचा असतो आणि तिचं नाव पाटीवर नसतं.

वाढण्याचंही तसंच. साखळीत माप म्हणजे नफा. वाटीत किती ग्रॅम पडलं यावर शाखेचा हिशोब चालतो, आणि शाखा चालवणाऱ्याला विक्रीतला ठरलेला वाटा नावाच्या मालकाला द्यायचा असतो. खानावळीत वाढपी रश्श्याचं भांडं घेऊन रांगेतून फिरतो आणि वाटी अर्धी व्हायच्या आत विचारतो, "पांढरा वाढू?" मटणाचे तुकडे मोजलेले, पण रस्सा हवा तेवढा. फडतऱ्यांकडची मिसळही सकाळी लवकर सुरू होऊन दुपारपर्यंतच मिळते. पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस आणि वरून कट मागून घ्यायचा. संपली की संपली. केलं तेवढं विकायचं आणि उरलेलं उद्यावर न ढकलायचं, हा ताजेपणाचा नियम घड्याळं लावून पाळता येत नाही.

कोल्हापूरची स्वतःची साखळी

म्हणून आपली चव साखळीत जाऊच शकत नाही, असं मानायचं कारण नाही. मराठी खाऊनं ही वाट चोखाळलेली आहे. २००१ मध्ये मालाडला जम्बोकिंग सुरू झालं, २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव. गोलीनं तर हातानं वळलेल्या वड्याचा नाद सोडला आणि कारखान्यात एकसारखा गोठवलेला वडा बनवून घेतला. तोही तळोज्याच्या व्हिस्टाकडून, जिथे बर्गरच्या पॅटिस होत होत्या. वडा गोठवता येतो, म्हणून ते जमलं. पुण्या-मुंबईत ‘पुरेपूर कोल्हापूर’च्या शाखांनी तांबडा-पांढरा ताटात आणून बसवला. दुसरीकडे देशभरच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लाल, तिखट भाजी विकली जाते. तिचा या गावाच्या स्वयंपाकाशी संबंध फारच थोडा. नाव जगभर जातं, चव मागे राहते, आणि याची बोच कुठल्याही कोल्हापूरकराला वाटायला हवी.

यावर उपाय साखळीकडूनच शिकता येईल. स्वच्छ बाथरूम, छापलेली किंमत, शाकाहारी-मांसाहारी वेगळी भांडी, एकट्या बाईलाही निर्धास्त बसता येईल अशी जागा आणि कामगाराला वेळेवर पगार, यातलं काहीही रश्श्याची चव न बिघडवता खानावळीत आणता येतं. काही जुन्या हॉटेलांनी आणलंही आहे. चटणीचं प्रमाण, मिरचीची जात आणि भाजण्याची पद्धत लिहून ठेवली तर दुसऱ्या गावातली शाखा तांबडा बराचसा तसाच करेल. पांढऱ्यासाठी मात्र माणूसच पाठवावा लागेल. ज्या बायका आज मुदपाकखान्यात वर्षानुवर्षं तो फुटू न देता करत आहेत, त्यांच्याकडून नव्या आचाऱ्यांना शिकवून घ्यावं, त्या शिकवण्याचा रीतसर मोबदला द्यावा आणि पुण्या-बंगळूरची शाखा उघडताना पहिले काही महिने त्यांच्यातल्या एखादीला तिथल्या चुलीपाशी उभं करावं. सहकारातून गावोगावचं दूध गोळा करून ते मुंबईपर्यंत पोचवणाऱ्या जिल्ह्याला हे जड जाऊ नये. खानावळ चालवणाऱ्यांच्या संघटना, महिला बचत गट आणि शहरातली हॉटेल व्यवस्थापन शिकवणारी महाविद्यालयं एकत्र बसली, तर असा अभ्यासक्रम येत्या शैक्षणिक वर्षापासूनही सुरू होऊ शकेल.